जनरल रजिस्टरमधली एक ओळ

'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हे वाक्य आपल्याकडे इतक्या ठामपणे बोललं जातं की कुणालाही वाटावं, कायद्यातच तसं लिहिलंय. नागरिकशास्त्राच्या तासाला माझ्या वर्गातली मुलं हेच सांगायची आणि पालकसभेला आलेले त्यांचे वडीलही हेच सांगायचे. प्रत्यक्षात १९६१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने 'गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात स्पष्ट सांगितलं होतं की जन्मठेप म्हणजे उरलेलं संपूर्ण आयुष्य. पुढे १९७८ मध्ये कायद्यात एक कलम आलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल तर किमान १४ वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकारने त्याला सोडायचं नाही. म्हणजे सुटकेचा विचार चौदा वर्षांनंतर सुरू होऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. सोडायचं की नाही हे त्यानंतर ठरतं.

दुसरा घोळ 'पॅरोल' या शब्दाचा. आपल्याकडे घरात कुणी गेलं, कुणी फार आजारी असलं, की कैद्याला थोड्या दिवसांसाठी घरी जाऊ देतात, तो पॅरोल. रजा संपली की परत आत. अमेरिकेत पॅरोल म्हणजे अटी घालून केलेली मुदतपूर्व सुटका. त्यामुळे तिकडची बातमी वाचताना 'पॅरोलविना जन्मठेप' असं आलं की त्याचा अर्थ, हा माणूस तुरुंगातच मरणार.

एवढं पाल्हाळ लावलं, कारण मला लिहायचंय ते मुलांबद्दल. अठरा वर्षांखालच्या मुलाने भयंकर गुन्हा केला तर त्याचं काय करायचं? आमच्या घरी गेल्या महिन्यात यावरून चांगलीच जुंपली होती. पुतण्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला आणि आमच्या सूनबाई चहाचे कप घेऊन मध्ये. तिथे जे नीट मांडता आलं नाही ते इथे मांडते.

वाद सुरू झाला तो पुण्यातल्या एका जुन्या प्रकरणावरून. १९९४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका घरात सात खून झाले. पाच बायका, त्यातली एक गरोदर, आणि दोन लहान मुलं. त्या वेळी महाराष्ट्र हादरला होता. माझ्या वयाच्या कुणालाही ते आठवत असेल. चोरीसाठी केलेले खून होते. आरोपी तिघं, त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना १९९८ साली फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती कायम केली, सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली.

त्या दोघांतल्या एकाचं नाव मी इथे देणार नाही. निकालपत्रात आहे, शोधलं तर सापडेल. पण अशा मुलाची ओळख छापू नये असं आपला कायदाच सांगतो, आणि तो 'मुलगा' होता हेच तर या प्रकरणात शेवटी सिद्ध झालं. राजस्थानातल्या बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेच्या नोंदीत त्याची जन्मतारीख मिळाली. त्यात नाव थोडं वेगळं होतं. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करून घेतली, कागद तपासले, आणि २७ मार्च २०२३ रोजी निकाल दिला : गुन्हा घडला त्या दिवशी याचं वय १२ वर्षं ६ महिने होतं. अशा मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं. तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि त्यातली कितीतरी वर्षं फाशीच्या सावलीत. त्याला ताबडतोब सोडण्याचा आदेश झाला.

साडेबारा वर्षं म्हणजे कोणती इयत्ता हो? सातवी.

शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या बाईला ही बातमी वाचून पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर शाळेचं जनरल रजिस्टर. लांबरुंद, जाड पुठ्ठ्याचं, कापडी कण्याचं. पहिल्या दिवशी मुलाचं नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी सगळी माहिती त्यात चढते. आग लागली तर आधी हे रजिस्टर बाहेर काढायचं, असं आम्हाला जुने मुख्याध्यापक सांगत. एका खेड्यातल्या गुरुजींनी कधीतरी अशा रजिस्टरात एक ओळ लिहिली आणि त्या ओळीने एका माणसाला फाशीच्या कोठडीतून बाहेर काढलं. आजच्या कायद्यातही वय ठरवताना पहिला मान शाळेच्या दाखल्याला किंवा मॅट्रिकच्या प्रमाणपत्राला आहे, नंतर नगरपालिका-पंचायतीच्या जन्मदाखल्याला, आणि यातलं काहीच नसेल तर हाडांची तपासणी.

पण खरं सांगायचं तर याच रजिस्टरमुळे माझ्या मनात धाकधूकही होते. आपल्या महाराष्ट्रात माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला येतो, हे तुम्हाला माहीत आहेच! आमच्या नात्यातच मोजले तर सहा-सात निघतील. आई सांगायची, 'पोळ्याच्या पुढच्या पंधरवड्यात झाला, त्या वर्षी लई पाऊस होता.' गुरुजी हिशेब करून शाळेत बसेल अशी तारीख टाकायचे, एक जून. हाडांच्या तपासणीलाही वर्ष-दोन वर्षं मागेपुढे धरावीच लागतात. म्हणजे ज्या रेषेच्या अलीकडे सुधारगृह आणि पलीकडे जन्मठेप, ती रेषा पुष्कळदा कुण्या गुरुजींच्या अंदाजाने आखलेली असते. रेषा हवीच, त्याशिवाय कायदा चालणार नाही. पण मुलाचं सगळं आयुष्य त्या एका रेषेवर तोलून धरलं तर कधीतरी घात होणार.

पुतण्याचं म्हणणं असं, 'काकू, जो सात जणांना मारतो तो बारा वर्षांचा असला काय आणि बावीसचा असला काय! ती मेलेली मुलं त्याच्याहूनही लहान होती. त्यांचं वय कुणी मोजलं?'

हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. ज्यांच्या घरी हे घडतं त्यांच्यापुढे मानसशास्त्राच्या गोष्टी करायचा मला अधिकार नाही. आणि 'मुलांना काही कळत नसतं' असंही मी म्हणणार नाही. पस्तीस वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांत काढल्यावर असं कुणी म्हणूच शकत नाही. त्यांना चांगलं-वाईट उत्तम कळतं. चोरून पेपर पाहणारा दाराकडे लक्ष ठेवूनच पाहतो.

मग मोठ्या माणसात आणि त्यांच्यात फरक काय? मला दिसलेला फरक सांगते. एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवसांत आमच्या शाळेतल्या नववीच्या चौघांनी मिळून दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलाला मारलं. साधंसुधं नाही, हॉकी स्टिकने. त्याचा हात मोडला. चौघांना एकेकटं बोलावून विचारलं तेव्हा प्रत्येक जण रडत होता आणि प्रत्येकाचं उत्तर एकच होतं, 'बाई, बाकीचे मारत होते.' कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. सोबत्यांच्या पुढ्यात मागे सरणं हे त्या वयात मरणाहून कठीण वाटतं.

शिक्षकांच्या खोलीत त्यावर दोन तट पडले. एक म्हणाला, दाखला द्या हातात, आणि वर्तणुकीच्या रकान्यात लाल शाईने शेरा मारा. लाल शेऱ्याचा दाखला म्हणजे काय, हे शाळेतल्या माणसांना वेगळं सांगायला नको. दुसरी कुठलीही शाळा त्या मुलाला दारात उभं करत नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी शेरा मारला नाही आणि सोडूनही दिलं नाही. मार खाल्लेल्या मुलाच्या वडिलांना बोलावून, चौघांच्या पालकांकडून दवाखान्याचा खर्च भरून घेतला. चौघांना वर्षभर दर शनिवारी शाळा सुटल्यावर ऑफिसात हजेरी लावली. वर्षाच्या शेवटी एकेकाला समोर बसवून, तो आता कसा आहे ते पाहून, पुढचं ठरवलं. चौघांतले तिघं आज आपापल्या संसारात आहेत, एक एस.टी.त आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो. चौथा मात्र बदलला नाही. त्याला वर्षाअखेरीस शाळेतून काढावंच लागलं.

मला या चौथ्याची गोष्ट तितकीच महत्त्वाची वाटते. 'सगळी मुलं सुधारतात' हे खरं नाही. पण कोणता मुलगा सुधारेल आणि कोणता नाही, हे घटनेच्या दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नसतं. ते वर्षाने पुन्हा पाहिल्यावरच कळलं.

अमेरिकेतलं एक उदाहरण सांगते, कारण पुन्हा पाहायचंच नाही असं ठरवलं की काय होतं, ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. हेन्री मॉन्टगोमेरी नावाच्या १७ वर्षांच्या मुलाने १९६३ साली लुइझियाना राज्यात एका पोलीस अधिकाऱ्याला गोळी घालून मारलं. १९६३ साली मी दहावीत होते, तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. आधी त्याला फाशी झाली, ती रद्द झाली, पुन्हा खटला चालून पॅरोलविना जन्मठेप झाली. मी मॅट्रिक झाले, बी.ए. झाले, लग्न झालं, नोकरी लागली, मुलं झाली, निवृत्त झाले, आजी झाले. तो तिथेच होता.

दरम्यान तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचं मत हळूहळू बदलत गेलं. २००५ मध्ये अठराखालच्या गुन्हेगारांची फाशी बंद झाली. २०१० मध्ये ठरलं, की खून नसेल तर मुलाला पॅरोलविना जन्मठेप द्यायची नाही. २०१२ मध्ये म्हटलं, की खून असला तरी वयाचा विचार न करता ती शिक्षा आपोआप लावता येणार नाही. आणि २०१६ मध्ये याच मॉन्टगोमेरीच्या खटल्यात ठरलं, की हा नियम जुन्या कैद्यांनाही लागू. तरीही पॅरोल बोर्डाने त्याला २०१८ आणि २०१९ मध्ये नकार दिला. मृताच्या घरच्यांचाही विरोध होता. शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये तो सुटला, ७५ वर्षांचा होऊन. सतरा वर्षांच्या मुलाला आत घातलं आणि बाहेर एक म्हातारा आला. आणि २०२१ मध्येच त्या न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात, मूल सुधारण्यापलीकडे गेलंय असा वेगळा निष्कर्ष न्यायाधीशाने नोंदवण्याची गरज नाही, असं सांगून पाऊल थोडं मागेही घेतलं.

आपला कायदा या बाबतीत पुढे आहे, हे अभिमानाने सांगायला हवं. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात अठराखालच्या कुणालाही फाशी नको आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नको असं म्हटलंय. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. अमेरिकेने सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर देशभर संताप उसळला. त्यातला अल्पवयीन आरोपी तीन वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवता येईल, असं त्यात आलं. पण त्याच कायद्याच्या २१ व्या कलमात फाशीला आणि सुटकेविना जन्मठेपेला बंदी कायम राहिली. आणि २० व्या कलमात एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. शिक्षा झालेल्या मुलाला आधी तुरुंगात न पाठवता वेगळ्या सुरक्षित ठिकाणी ठेवायचं. तो २१ वर्षांचा झाला की बाल न्यायालयाने त्याला पुन्हा पाहायचं. सुधारला असेल तर अटी घालून सोडायचं, नसेल तर उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात. आमच्या मुख्याध्यापकांनी वर्षाअखेरीस जे केलं तेच हे!

मला काळजी आहे ती पहिल्या पायरीची. मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवण्यासाठी बाल न्याय मंडळाने तीन महिन्यांत त्या मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासायची असते. गुन्ह्याच्या दिवशी त्याच्या मनात काय होतं, हे नंतर खोलीत बसवून प्रश्न विचारून कसं कळणार? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे नाजूक काम आहे, त्याला तज्ज्ञांची मदत हवी, असं बजावलंय. एकविसाव्या वर्षीच्या पाहणीचंही तेच. तिथे नुसता 'वर्तणूक चांगली' असा छापील शेरा मारून काम भागवलं तर कलम कितीही चांगलं असून उपयोग नाही. दाखल्यावरच्या त्या रकान्यात आम्ही शेकडो वेळा 'चांगली' लिहिलंय, त्याची किंमत मला ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, 'आणि ते कल्याणीनगरचं काय?' बरोबर. १९ मे २०२४ ला पुण्यात भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध. मराठीची शिक्षिका म्हणून सांगते, निबंधाची एवढी बेअब्रू आजवर कुणी केली नव्हती. लोक चिडले ते योग्यच होतं. घरच्या मोठ्यांवर रक्ताचे नमुने बदलायला लावल्याचे आरोप झाले, त्यांचा निवाडा न्यायालय करील. त्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

पण एकाच शहरातली ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. २०२४ मध्ये मुलाचं वय पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला कागदावर आलं. १९९४ मध्ये परराज्यातल्या एका गरीब पोराचं वय खटल्यात कुणी तपासलं नाही. तो सज्ञान म्हणूनच नोंदला गेला आणि खरी तारीख पुढे यायला पाव शतक लागलं. एकाला कायद्याची सवलत चटकन मिळाली म्हणून ती सवलतच काढून टाका, असं आपण म्हणू लागलो तर ज्याच्या घरी वकील आहे त्याचं फारसं काही बिघडणार नाही. मरेल तो दुसरा.

आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? मला वाटतं, आपण त्यांना मोठ्या शिक्षेचा आकडा देतो आणि बाकी कशाचीच विचारपूस करत नाही. खटला कुठवर आला, कैद्याच्या सुटकेचा विचार केव्हा होणार, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळता कामा नये. त्या पाहणीच्या दिवशी त्यांना बोलावलं पाहिजे, त्यांचं ऐकलं पाहिजे. त्यांनी क्षमा करावी अशी अपेक्षा कुणीही करू नये, आणि निर्णय मात्र त्यांच्या खांद्यावर टाकू नये.

आपल्या मातीला हे सगळं नवीन नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली. भिंती नाहीत, शेती करा, कुटुंबासह राहा. त्याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली आला आणि सगळ्यांनी डोळे पुसत पाहिला. तिथले कैदी तर मोठी माणसं होती, खून केलेली. पडद्यावर त्यांच्यासाठी रडणारे आपण सातवीतल्या पोराला दार उघडायला तयार नाही, हे मला जमत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. मुलाला शिक्षा करा, कडकही करा, मृतांच्या आप्तांसमोर मान खाली घालून उभं करा. पण त्या शिक्षेत एक तारीख अशी ठेवा, की त्या दिवशी कुणीतरी जाणतं माणूस त्याला समोर बसवून पुन्हा नीट पाहील. सुटका होईलच असं नाही. आमचा चौथा मुलगा नाहीच सुटला. पण पाहायचंच नाही असं पंधरा-सोळाव्या वर्षी ठरवून टाकणं हा लाल शेरा आहे, आणि असा शेरा मारायला माझा हात धजत नाही.

पुतण्याला हे अजून पटलेलं नाही. दिवाळीला येतोय, तेव्हा पुन्हा बसूच. तुमचं मत वेगळं असेल तर मोकळेपणाने सांगा, मी रागावत नाही... आता निवृत्त झालेय!